किंकी फ्रीडमन: विनोदानं गीतकार झाकला गेला का?

रानवारा (धागाकर्ता)

किंकी फ्रीडमनचं नाव निघालं की लोकांना तीन गोष्टी आठवतात: काळी काउबॉय हॅट, तोंडातला सिगार आणि २००६ साली टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी लढवलेली निवडणूक. २७ जून २०२४ ला तो ७९ व्या वर्षी गेला, तेव्हा मी वाचलेले बहुतेक मृत्युलेखही याच तिन्हींभोवती फिरत होते. मला हे खटकतं. हा माणूस मुळात गीतकार होता. सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात त्यानं लिहिलेली पाच-सहा गाणी कंट्री संगीतातल्या कुठल्याही मोठ्या गीतकाराच्या पंक्तीला बसतील अशी आहेत.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १ नोव्हेंबर १९४४, शिकागो. नाव रिचर्ड सॅमेट फ्रीडमन. लहानपणीच कुटुंब टेक्सासला आलं. वडील दुसऱ्या महायुद्धात बाँबर विमानावर नॅव्हिगेटर होते, पुढे मानसशास्त्राचे प्राध्यापक झाले. आई-वडिलांनी १९५३ मध्ये हिल कंट्रीच्या टेकड्यांत, मेडिना गावाजवळ, एको हिल रँच ही मुलांच्या उन्हाळी शिबिराची जागा सुरू केली. म्हणजे ज्यू घरातला मुलगा, पण वाढला घोड्यांत आणि शेकोटीभोवतीच्या गाण्यांत. कुरळ्या केसांवरून एका दोस्तानं 'किंकी' नाव पाडलं, ते कायमचं चिकटलं. १९७१ च्या सुमारास त्यानं 'टेक्सास ज्यूबॉइज' हा बँड काढला आणि १९७३ मध्ये 'सोल्ड अमेरिकन' हा पहिला अल्बम आला.

त्या अल्बममधलं 'राइड एम ज्यूबॉय' घ्या. शीर्षकावरून थट्टेचं गाणं वाटतं. चाल संथ, काउबॉय गुरं हाकत निघाल्यासारखी. तळांवरून धूर वर चढतोय, असहाय जीव वाट चालताहेत, रानघोडे घेरून पुढे ढकलले जाताहेत. ऐकता ऐकता बाहीवरचा पिवळा तारा येतो, साठ लाखांचा आकडा मैलांच्या रूपात येतो, आणि पुढे अंगठ्या नसलेली बोटं येतात. मग कळतं की तळ म्हणजे छळछावणी, गुरं म्हणजे माणसं, तारा म्हणजे नाझींनी ज्यूंना सक्तीनं लावायला लावलेली खूण आणि साठ लाख म्हणजे मारले गेलेले ज्यू. हिटलरचं किंवा जर्मनीचं नाव पूर्ण गाण्यात एकदाही नाही. काउबॉय गाण्याचा सगळा जुना ऐवज, दोर, कुरण, धूर, जसाच्या तसा वापरून ज्यूंच्या संहाराचा शोक करणारं दुसरं गाणं मला माहीत नाही.

प्रश्न असा की त्याच्या चावटपणानं आणि पुढे राजकारणानं या गाण्यांचं नुकसान केलं का? की त्याशिवाय ती आपल्यापर्यंत पोचलीच नसती?

---

कडेपठार

राइड एम ज्यूबॉय आत्ता पहिल्यांदा ऐकलं. पिवळ्या ताऱ्याशी आलो आणि पुन्हा सुरुवातीपासून लावलं. धाग्याबद्दल आभार.

---

मधुरा_ऑस्टिन

२००६ मध्ये मी ऑस्टिनला विद्यार्थिनी होते. मत द्यायचा हक्क नव्हता, पण तो प्रचार अगदी जवळून पाहिला, म्हणून त्याबद्दल लिहिते. 'किंकी फॉर गव्हर्नर'चे स्टिकर गाड्यांवर, गिटारच्या पेट्यांवर, टाको विकणाऱ्या गाडीच्या काचेवर. "हाउ हार्ड कुड इट बी?" ही त्याची घोषणा. बोलणारी किंकी-बाहुलीसुद्धा विकायला होती.

पण हे सगळं गमतीचं वाटत असलं तरी आत घाम गाळायचं काम होतं. टेक्सासमध्ये अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर नाव यायचं तर ४५,५४० नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत होत्या. त्याही फक्त अशा मतदारांच्या, ज्यांनी मार्चमधल्या, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत मतच दिलेलं नाही. वेळ जेमतेम दोन महिने. म्हणून त्याच्या माणसांनी आधीच सांगत सुटायला सुरुवात केली की प्राथमिक निवडणुकीला जाऊ नका, स्वतःला किंकीसाठी राखून ठेवा. शेवटी सुमारे १,७०,००० सह्या दाखल झाल्या आणि त्यांतल्या सुमारे १,३७,००० वैध ठरल्या. गरजेच्या तिप्पट. विनोद म्हणून उभा राहिलेला माणूस एवढी जुळवाजुळव करत नाही.

टेक्सासनं अपक्ष गव्हर्नर त्याआधी निवडला होता तो १८५९ मध्ये, सॅम ह्यूस्टन.

---

गोट्या_पाटील

बाहुली बटण दाबल्यावर बोलायची की आश्वासनासारखी, निवडणूक झाल्यावर गप्प?

---

मधुरा_ऑस्टिन

@गोट्या, बटण दाबलं की त्याच्याच आवाजात त्याचे विनोद. माझ्या घरमालकांकडे होती, त्यांच्या नातवानं तिला अजिबात गप्प बसू दिलं नाही :)

---

नर्मदा_का

सह्यांचं कौतुक ठीक आहे, पण धाग्याचा सूर फारच गोड होतोय, म्हणून दुसरी बाजू मांडते.

१९७३ च्याच अल्बममध्ये 'गेट युअर बिस्किट्स इन द अव्हन अँड युअर बन्स इन द बेड' हे गाणं आहे. बाईनं चळवळ सोडावी, भट्टीत बिस्किटं टाकावीत आणि बिछान्यात यावं. स्त्रीमुक्तीची चळवळ ऐन भरात असताना हे आलं. नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन या संघटनेनं त्याला 'मेल शोव्हिनिस्ट पिग' किताब दिला आणि तो ही गोष्ट आयुष्यभर पदकासारखी मिरवत राहिला. त्यात चळवळीची थट्टा आहे, पुरुषाची नाही.

२००६ च्या प्रचारात तर आणखी पुढची पायरी. कॅटरीना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सहून ह्यूस्टनला आलेल्या लोकांबद्दल बोलताना तो म्हणाला की कलावंत आणि वादक बहुतेक परत गेले, नशेबाज आणि गुंड तेवढे मागे राहिले. घरं वाहून गेलेल्या माणसांबद्दल, ज्यांत बहुसंख्य काळे होते, गव्हर्नर होऊ पाहणारा माणूस असं बोलतो. त्याच सुमारास १९८० मधलं त्याच्या एका कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं, त्यात काळ्या लोकांसाठीची घाणेरडी शिवी होती. त्यानं माफी मागितली नाही, विनोदी कलावंत म्हणून बोललो असं समर्थन दिलं.

ज्या माणसाला स्वतःच्या जमातीचा शोक इतक्या हळुवारपणे मांडता येतो, त्याला दुसऱ्याच्या दुःखाची जाण का नसावी? हा प्रश्न मला रानवारांच्या प्रश्नाहून मोठा वाटतो.

---

स्वरमंडळ

नर्मदाताई, कॅटरीनाबद्दलच्या बोलण्याचं समर्थन होऊच शकत नाही, तिथं पूर्ण सहमत. शिवीबद्दल मात्र गाण्यांतला आणि मंचावरचा भेद बघायला हवा असं वाटतं. 'दे एन्ट मेकिन ज्यूज लाइक जीझस एनीमोर' या गाण्यात एक दारूच्या गुत्त्यातला वंशद्वेष्टा एकामागून एक जमातींना शिव्या घालतो आणि शेवटी ज्यू निवेदक त्याला ठोसा मारून आडवा करतो. शिव्या सगळ्या त्या वंशद्वेष्ट्याच्या तोंडी आहेत. ते गाणं बिगर-ज्यू श्रोत्यांनी भरलेल्या हॉलमध्ये गाणं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती.

माझं आवडतं गाणं मात्र 'वी रिझर्व्ह द राइट टु रिफ्यूज सर्व्हिस टु यू'. दक्षिणेकडच्या खाणावळींत तेव्हा अशी पाटी असायची: सेवा नाकारण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे. काळ्यांना आणि लांब केसवाल्यांना बाहेर काढायला ती पाटी कामी यायची. पहिल्या कडव्यात निवेदक खाणावळीत जातो, तिथला मालक त्याला हाकलतो: तू कम्युनिस्टासारखा वास मारतोस, ज्यूसारखा वागतोस. दुसऱ्या कडव्यात तोच माणूस सिनेगॉगमध्ये जातो. हिब्रू प्रार्थना सुरू होते आणि मधेच त्याला अडवतात: तिकीट कुठाय? स्वतःला ज्यू म्हणवतोस? तिथूनही बाहेर. एकीकडे ज्यू म्हणून, दुसरीकडे पुरेसा ज्यू नाही म्हणून. दोन्ही दारांवर तेच ध्रुपद. तीन मिनिटांत एवढं सांगून जाणारा गीतकार लेचापेचा नव्हता.

बँडचं नावही बॉब विल्सच्या 'टेक्सास प्लेबॉइज' या प्रसिद्ध बँडवर बेतलेलं. ज्यूंना हिणवायला जो शब्द वापरत तोच त्यानं फलकावर लावला.

---

नर्मदा_का

गाण्यातलं पात्र आणि गायक वेगळे, हे मान्य. पण १९८० च्या कार्यक्रमातली शिवी म्हणजे गाणं नव्हतं आणि २००६ मधलं कॅटरीनाबद्दलचं बोलणं म्हणजेही गाणं नव्हतं. आणि बिस्किटांच्या गाण्यात तर बाईच्या बाजूनं ठोसा मारणारं कुणीच नाही.

---

खडीसाखर

त्या गाण्यापायी टीव्हीवरून हकालपट्टी झाली होती ना?

---

स्वरमंडळ

@खडीसाखर, एका गाण्यापायी नाही, अख्ख्या कार्यक्रमापायी. १९७५ मध्ये 'ऑस्टिन सिटी लिमिट्स'साठी ज्यूबॉइजचा कार्यक्रम चित्रित झाला आणि तो प्रसारितच झाला नाही. फारच आक्षेपार्ह ठरला. २००७ मध्ये डीव्हीडीवर आला, तेव्हा कुठे लोकांनी पाहिला. बँड काय तयारीचा होता ते त्यात दिसतं. १९७६ मध्ये बॉब डिलननं त्याला आपल्या 'रोलिंग थंडर' दौऱ्यात घेतलं होतं, ते विदूषकी करायला नव्हे.

---

अण्णा_बार्शीकर

आम्ही रेडिओवर जिम रीव्ह्ज ऐकत वाढलो, त्यापलीकडे कंट्री संगीतात फार गम्य नाही. पण हा माणूस वाचताना आचार्य अत्रे आठवले. विडंबन, गाणी, नाटकं, भर सभेत समोरच्याची दांडी उडवणारा विनोद, आणि त्याच जोरावर राजकारण. फरक एवढाच की अत्रे १९५७ ला विधानसभेत निवडून गेले. किंकीला मात्र लोकांनी हसून घेतलं आणि घरी पाठवलं. असं का झालं असावं?

---

वाळवंटातला_ऊंट

अण्णा, अत्र्यांच्या मागं संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी होती. विनोद त्या चळवळीच्या कामी आला. किंकीच्या मागं चळवळ कुठली? पक्षही नाही. सिगार आणि सह्या.

आणि तिथलं गणित बघा. तेव्हाचा रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी ३९ टक्क्यांवर पुन्हा निवडून आला. डेमोक्रॅट ख्रिस बेल सुमारे ३० टक्के, दुसरी अपक्ष कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न १८, किंकी १२.४. बहुसंख्य मतं पेरीच्या विरोधात पडली आणि पेरी आला. मतविभागणीचा नमुना म्हणून शाळेत शिकवावा असा निकाल. आपल्याकडे एक षष्ठांश मतं मिळाली नाहीत तर अनामत जप्त होते, त्या हिशेबानं किंकीची अनामत गेली असती. तरी सुमारे साडेपाच लाख माणसांनी त्याला मत दिलं, हेही विसरू नका.

स्ट्रेहॉर्नबाईंची एक गंमत: त्यांना मतपत्रिकेवर 'ग्रँडमा' असं टोपणनाव हवं होतं. ते नाकारलं गेलं आणि 'किंकी' मात्र मंजूर झालं.

---

गोट्या_पाटील

आजीला न्याय नाही आणि कुरळ्याला आहे. निषेध!

---

हिलकंट्री_देशपांडे

मी केरव्हिलपासून तासाभरावर राहतो. गोट्यांनी निवडणुकीची थट्टा केली म्हणून सांगतो: २००६ ही त्याची पहिली निवडणूक नव्हे. १९८६ मध्ये तो केरव्हिलमध्ये 'जस्टिस ऑफ द पीस' या स्थानिक न्यायाधीशपदासाठी उभा राहिला होता, रिपब्लिकन म्हणून. आश्वासन होतं की पहिल्या ज्यू न्यायाधीशाला निवडून दिलंत तर वेगमर्यादा ५४.९५ वर आणीन. दुकानातल्या किमतीसारखी! तेव्हा अमेरिकेत हायवेची मर्यादा ५५ मैल होती. हरला.

पुढची यादी: २०१० ला डेमोक्रॅट म्हणून कृषी आयुक्तपदाच्या प्राथमिक फेरीत हरला. २०१४ ला पुन्हा त्याच पदासाठी, या वेळी भांग आणि हेम्पची (नशा न आणणाऱ्या भांगेची) लागवड कायदेशीर करा हा मुख्य मुद्दा घेऊन. प्राथमिक निवडणुकीच्याच अंतिम फेरीत ज्या शेतकऱ्याकडून हरला त्यानं प्रचार जवळपास केलाच नव्हता. गेली काही वर्षं टेक्सासचे शेतकरी कायदेशीरपणे हेम्प लावताहेत, पण ते त्यानं मागितल्यानंतर बऱ्याच काळानं.

त्याच्या जाहीरनाम्यात काय होतं हेही कुणी बोलत नाही. जुगारघरांना परवानगी देऊन तो पैसा शाळांकडे वळवायचा, शिक्षकांचे पगार वाढवायचे. समलिंगी विवाहाला २००६ मध्ये, तेही टेक्सासमध्ये, उघड पाठिंबा. त्यांनाही आमच्याइतकं दुःखी व्हायचा हक्क आहे, असं म्हणून. निरपराध माणसाला फाशी होता कामा नये म्हणून मृत्युदंडाच्या पद्धतीवर टीका. आणि त्याच तोंडानं शाळेत प्रार्थना हवी, असंही. कुठल्याच पक्षाच्या चौकटीत हे बसत नाही. मला तो याचसाठी आवडायचा.

---

प्राजक्ता_के

राजकारण्यांशी त्याची इतकी ऊठबस कशी होती, हे कुणी सांगेल का? क्लिंटन आणि बुश दोघांचा दोस्त, असं वाचलं. ते कसं शक्य आहे?

---

रानवारा (धागाकर्ता)

प्राजक्ता, त्याचं उत्तर पुस्तकांत आहे. सत्तरच्या दशकाअखेर बँड मोडला, तो न्यूयॉर्कला गेला, तिथल्या लोन स्टार कॅफेत गात राहिला. गाण्यावर पोट भरेना. मग १९८६ पासून रहस्यकथा लिहू लागला. नायक डिटेक्टिव्हचं नाव किंकी फ्रीडमन, राहणार ग्रेनिच व्हिलेज, सोबतीला मांजर. बिल क्लिंटन त्या पुस्तकांचे चाहते निघाले. आणखी लिहा, मला हसण्याची फार गरज आहे, अशा अर्थाचं पत्र त्यांनी धाडलं, आणि पुढे व्हाइट हाउसचं आमंत्रणही. बुशशी ओळख टेक्सासमुळे. दोन राष्ट्राध्यक्षांच्या काळात आपण व्हाइट हाउसमध्ये झोपलो, हे तो अशा शब्दांत सांगायचा की ऐकणाऱ्यानं भलताच अर्थ घ्यावा.

पण या मैत्रीत मतलब दिसत नाही. पद मागितलं नाही, कंत्राट मागितलं नाही. २००४ मध्ये बुशना मत दिल्याचं त्यानं उघड सांगितलं आणि त्यासाठी ऑस्टिनच्या डाव्या मित्रांचा रोष ओढवून घेतला. आणि कळस म्हणजे २०११: ज्या रिक पेरीकडून तो २००६ ला हरला, त्याच पेरीला राष्ट्राध्यक्षपदासाठी पाठिंबा देणारा लेख त्यानं लिहिला. दोस्ती आणि मत यांत तो सरमिसळ करायचा, हे मात्र खरं.

---

वाळवंटातला_ऊंट

हरवणाऱ्याला पाठिंबा! याला मन मोठं म्हणायचं की बुद्धी गहाण?

---

नर्मदा_का

मला त्यात मन मोठं दिसतं, हे मुद्दाम नोंदवते. वर एवढी टीका केली म्हणून सगळंच वाईट म्हणायचं नाहीये.

---

पटावरचा_उंट

अवांतर, पण बुद्धिबळवाल्यांसाठी गरजेचं. सात वर्षांचा असताना ह्यूस्टनमध्ये हा सॅम्युएल रेशेव्हस्कीशी खेळला होता! रेशेव्हस्की म्हणजे त्या काळातला जगातल्या पहिल्या काही खेळाडूंमधला ग्रँडमास्टर, स्वतः लहानपणी चमत्कार म्हणून गाजलेला. एकाच वेळी पन्नास जणांशी सामने चालले होते, त्यांत किंकी सगळ्यात लहान. हरला. किंकी सांगायचा की नंतर रेशेव्हस्की वडिलांकडे येऊन म्हणाला: तुमच्या मुलाला हरवायला वाईट वाटलं, पण सात वर्षांच्या पोरांशी खेळताना मला फार जपावं लागतं, एखाद्याकडून हरलो तर मोठी बातमी होईल.

(वरच्या वाळवंटातल्या उंटाशी माझं काही नातं नाही. मी तिरका चालतो.)

---

कडेपठार

:D दोन उंट एका धाग्यात.

---

रेवती_म

तो बोर्निओत होता हे कुणी लिहिलं नाही अजून! ऑस्टिनच्या विद्यापीठातून १९६६ मध्ये मानसशास्त्राची पदवी घेऊन तो पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून बोर्निओतल्या सारावाकला गेला, शेती विस्तार कार्यकर्ता म्हणून. दोन हजार वर्षं उत्तम शेती करत आलेल्या लोकांना शेती सुधारायला शिकवायला आपल्याला पाठवलं होतं, असं तो सांगायचा. मी इथे ग्रामीण विकासाच्या प्रकल्पांत काम करते. आमच्या बैठकांत हे वाक्य मी अनेकदा वापरलंय आणि दर वेळी सगळ्यात जोरात हसतात ते गावातले शेतकरी.

तिथेच, टेक्सासपासून इतक्या लांब, ज्यूबॉइजची कल्पना त्याच्या डोक्यात आकाराला आली असं तो सांगत असे.

---

हिलकंट्री_देशपांडे

रानवारांच्या प्रश्नाकडे परत यायचं तर मला एक कार्यक्रम आठवतो. छोटा डान्स हॉल, लाकडी फरशी, जेमतेम शंभर माणसं. तो एकटा, गिटार घेऊन. पहिला अर्धा तास विनोदच विनोद, लोक टेबलं बडवताहेत. मग काही न सांगता त्यानं राइड एम ज्यूबॉय सुरू केलं. माझ्या शेजारी एक म्हातारा रँचवाला बसला होता, तो पहिल्या ओळीवर हसला. गमतीचंच समजून. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्यानं हॅट काढून मांडीवर ठेवली होती.

त्या रँचवाल्याला कुणी 'ज्यूंच्या संहारावरचं गाणं ऐकायला चला' म्हटलं असतं तर तो आला असता का? मला नाही वाटत. विनोदानं त्याला आत आणलं. म्हणून विनोदानं नुकसान केलं हे मला पटत नाही.

कार्यक्रमानंतर तो टेबलाशी बसून प्रत्येकाला सही देत होता. वाईट कायदा सोडून कशावरही सही करीन, हे त्याचं नेहमीचं वाक्य.

---

रानवारा (धागाकर्ता)

देशपांडे, फार मोलाचं लिहिलंत. पण त्या हॉलच्या बाहेर काय? ज्यांनी त्याला फक्त टीव्हीवरच्या वीस सेकंदांत पाहिलं, त्यांच्यापर्यंत दुसरं कडवं पोचलंच नाही. हॉलमधल्या माणसाला उठून जाता येत नाही. बातमीत तो फक्त पहिला अर्धा तास उरतो. निवडणुकीनं हेच केलं असं मला वाटतं: शंभर माणसांसमोर चालणारी युक्ती तिनं दोन कोटींहून जास्त माणसांच्या राज्यावर लावून पाहिली.

---

स्वरमंडळ

हा मुद्दा पटला. तरी गाणाऱ्यांनी त्याला ओळखलं होतं, हे लक्षात घ्या. 'सोल्ड अमेरिकन' हे शीर्षकगीत ग्लेन कॅम्पबेलनं गायलं. चमकीचे कपडे घालून एके काळी मंच गाजवलेला, आता उतरणीला लागलेला एक कंट्री गायक; दंव धरलेल्या काचेवर बोटानं आठवणी लिहितोय. नाव आलंय लकी स्ट्राइक सिगारेटच्या जाहिरातीतल्या लिलावाच्या आरोळीवरून. माणूस विकला गेला, एवढंच सांगायला अख्ख्या देशाला ठाऊक असलेली आरोळी वापरली. या गाण्यात एकही विनोद नाही.

१९९८ मध्ये 'पर्ल्स इन द स्नो' नावाचा अल्बम निघाला, त्यात त्याची गाणी इतरांनी गायली. राइड एम ज्यूबॉय विली नेल्सननं, सोल्ड अमेरिकन लाइल लव्हेटनं, दोघंही टेक्सासचे नावाजलेले कंट्री गायक. ज्यांना किंकीचा बेरकी सूर अडसर वाटतो त्यांनी तिथून सुरुवात करा.

---

प्राजक्ता_के

नेल्सन मंडेलांनी तुरुंगात हे गाणं ऐकलं होतं, ही गोष्ट कुणी ऐकली आहे का?

---

स्वरमंडळ

हो, किंकी ती आवर्जून सांगायचा. रॉबेन बेटावर मंडेलांसोबत कैदेत असलेल्या टोकियो सेक्सवाले यांनी त्याला सांगितलं की चोरून आणलेल्या टेपवरून मंडेला रात्री राइड एम ज्यूबॉय ऐकायचे. माझ्या मते त्याला स्वतःच्या गाण्याबद्दल मिळालेली ही सर्वांत मोठी पावती, आणि ती सांगताना तो विनोद करत नसे.

---

रेवती_म

कुत्र्यांबद्दल कुणी काहीच बोललं नाही! १९९८ मध्ये त्यानं युटोपिया अ‍ॅनिमल रेस्क्यू रँच सुरू करायला हात दिला. बेवारस, मारून टाकायच्या यादीतली कुत्री तिथं आणायची, कुणालाही मारायचं नाही, घरं शोधून द्यायची. हजाराहून जास्त कुत्र्यांना तिथून घर मिळालं. राजकारणात हरला, इथे नाही.

---

हिलकंट्री_देशपांडे

आणि शेवटच्या वर्षांत बहिणीच्या सोबतीनं एको हिलचं शिबिर २०२१ ला पुन्हा उभं केलं, लष्करात गेलेल्या आणि परत न आलेल्यांच्या मुलांसाठी, विनामूल्य. ज्या रँचवर वाढला तिथेच पार्किन्सन्सनं गेला.

त्याआधीची एक गोष्ट गीतकार म्हणून महत्त्वाची. कित्येक वर्षं त्यानं नवं गाणं लिहिलं नव्हतं. एकदा पहाटे तीनला विली नेल्सनचा फोन आला. काय करतोयस? 'मॅटलॉक' बघतोय. विली म्हणाला, हे नैराश्याचं पक्कं लक्षण आहे, टीव्ही बंद कर आणि लिहायला बस. त्यातून २०१८ चा 'सर्कस ऑफ लाइफ' आला. सगळी नवी गाणी, आवाज खरवडलेला, विनोद अगदी मोजका.

---

नर्मदा_का

आज 'सर्कस ऑफ लाइफ' पूर्ण ऐकला. इथे वेगळाच माणूस आहे. कुणाला धक्का द्यायचा नाही, कुणाला हरवायचं नाही. रानवारा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: नुकसान झालं, पण विनोदामुळे नाही. विनोद कुठे थांबवायचा हे त्याला हॉलमध्ये कळत होतं, माइकसमोर पत्रकार असला की कळत नव्हतं. कॅटरीनाबद्दलचं ते वाक्य मी त्याला अजूनही माफ करणार नाही. गाणी मात्र ऐकत राहणार.

---

अण्णा_बार्शीकर

विलीचं राइड एम ज्यूबॉय ऐकलं. नातवालाही ऐकवलं, त्यानं विचारलं की पिवळा तारा म्हणजे काय. तासभर त्यावरच बोलत बसलो. आता पाटीवालं गाणं लावायचं आहे, स्वरमंडळ, त्याचं कुठलं ध्वनिमुद्रण चांगलं?

---

स्वरमंडळ

अण्णा, आधी १९७३ चं मूळच ऐका, मग ऑस्टिन सिटी लिमिट्सवालं. सिनेगॉगच्या कडव्यात बँड कसा बदलतो तिकडे लक्ष द्या, त्यावर उद्या सविस्तर लिहितो.